तीन सह्यांचं गणित

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या नद्या शिवारात शिरल्या, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि दरवेळेप्रमाणे आदेश निघाला: तत्काळ पंचनामे करा. आदेशात चूक काहीच नव्हती. फक्त ‘तत्काळ’ म्हणजे किती दिवस, हे मांडायला लागणारा अर्ध्या पानाचा हिशेब आपल्याकडे आधी कुणी करत नाही. पीक नुकसानीचा संयुक्त पंचनामा करतात तिघं: तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. (आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी अशी झाली आहेत. गावात जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच. पदनाम बदलल्याने कुणाच्या वाट्याचं एकही गाव कमी झालेलं नाही.) तलाठ्याला गट आणि सातबारा ठाऊक, ग्रामसेवकाला गाव आणि घरं ठाऊक, कृषी सहायकाला पीक कळतं. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त आहे की नाही हे ठरवायचं असतं, त्यामुळे तिघं एकाच वेळी एकाच बांधावर असायला हवेत.

आता एक तालुका घेऊ. आकडे गृहीत आहेत, कुणीही आपल्या तालुक्याचे घालून बघावेत. १२० गावं, प्रत्येक गावात ५०० बाधित खातेदार, म्हणजे ६०,००० पंचनामे. तलाठी ४०, ग्रामसेवक ७०, कृषी सहायक २५. चिखलातून चालणं, फोटो, फॉर्म आणि सह्या धरून एका शेताला १२ मिनिटं. प्रत्यक्ष शिवारात सहा तास मिळाले तर एका पथकाची दिवसाला ३० शेतं होतात. पथकं किती? हाताखाली १३५ माणसं असली तरी पथकं पंचवीसच, कारण कृषी सहायक पंचवीस आहेत. जे सगळ्यात कमी, तेवढीच पथकं. दिवसाला ७५० शेतं, एकूण ८० दिवस.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात तलाठ्याची त्या दिवशी तहसीलला बैठक असते, ग्रामसेवकाकडे दुसऱ्या ग्रामपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार असतो, कृषी सहायकाची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागते. प्रत्येकजण पाचांतले चार दिवस मोकळा आहे असं उदारपणे धरलं, तरी तिघंही एकाच दिवशी मोकळे असण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. दोन दिवसांतला जेमतेम एक दिवस. ८० दिवसांचे १५६ होतात. सुट्ट्या न धरता ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरुवात केली तर शेवटचा पंचनामा मार्चमध्ये होईल, तेव्हा त्याच रानात रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असेल.

वरून मुदत मात्र आठ-दहा दिवसांची असते. दहा दिवसांत ६०,००० म्हणजे एका पथकाला दिवसाला २४०, एका शेताला दीड मिनिट. दीड मिनिटात बांधावर जाता येत नाही, चावडीवर बसून यादी मात्र भरता येते. मग ‘तलाठ्याने घरबसल्या पंचनामे केले’ अशी ओरड होते, कुणाला तरी नोटीस निघते आणि विषय मिटतो. चावडीवर बसणाऱ्याचं समर्थन इथे करायचं नाही. पण खोट्या नोंदीचा उगम शोधायचा असेल तर माणसाच्या हेतूकडे वळण्याआधी आदेशातल्या भागाकाराकडे बघावं. अशक्य हिशेबाचा आदेश दिला की त्याचं पालन कागदावरच होणार.

तो हिशेब दुरुस्त करता येतो, आणि पहिल्या दुरुस्तीला एकही नवा माणूस लागत नाही. गैरहजेरी तेवढीच ठेवा, फक्त ती एकाच दिवशी पडू द्या. तालुक्याने सोमवार हा बैठकांचा, व्हीसीचा आणि कार्यालयीन कामाचा वार ठरवला आणि बाकी चार दिवस तिघांपैकी कुणालाही कुठेही बोलवायचं नाही असं पाळलं, तर पथकाची हजेरी ०.५१ वरून ०.८ वर जाते. १५६ दिवसांचे १०० होतात. यातली अडचण नियमाची नाही, सवयीची आहे. तिन्ही माणसं तीन वेगळ्या खात्यांची, तिन्ही खात्यांच्या बैठका स्वतंत्र, आणि एका खात्याच्या बैठकीमुळे दुसऱ्या दोन खात्यांचा दिवस वाया गेला हे कुठल्याच रजिस्टरमध्ये उमटत नाही. त्यात तलाठ्याचा सज्जा, ग्रामसेवकाची ग्रामपंचायत आणि कृषी सहायकाची गावं यांच्या हद्दी एकमेकींशी जुळत नाहीत. गाव बदललं की पथकातलं एखादं माणूस बदलतं. म्हणून ‘गाव उभं, वार आडवा’ असा तक्ता एकाच ठिकाणी, तहसीलमध्ये, भरावा लागतो. एक नाव एका वारी एकाच रकान्यात आलं पाहिजे, इतकाच त्याचा नियम. तीन खात्यांनी तीन तक्ते केले तर ते जुळत नाहीत.

दुसरी दुरुस्ती अडलेल्या जागेची. पंचवीस कृषी सहायकांना प्रत्येक बांधावर उभं केलं म्हणून सगळा तालुका त्यांच्या चालीने चालतो. शेजारचे गट, तेच पीक, तेच पाणी अशा तुकड्यांसाठी नुकसानीचं प्रमाण कृषी सहायकाने ठरवून एकदाच सही करावी, आणि गटवार नोंद तलाठी-ग्रामसेवकाच्या जोडीने करावी. पथकं ४० होतात, दिवस ६३. मग पूर न आलेल्या तालुक्यांतून ४० जोड्या मागवल्या तर ३१. शेवटी, कागदावर लिहून रात्री पोर्टलवर पुन्हा भरण्याऐवजी बांधावरच एकदा नोंद झाली आणि १२ मिनिटांची ८ झाली, तर २१ दिवस. या २१ दिवसांत २५ कृषी सहायक पूर्वीच्याच वेगाने पाचांतलं एक शेत स्वतः जाऊन तपासू शकतात, आणि कुठलं तपासायचं ते चिठ्ठी टाकून ठरवावं, म्हणजे ओळखीचं शेत वगळता येणार नाही. १५६ वरून २१. माणसं वाढली ती फक्त तिसऱ्या पायरीवर.

बाहेरून माणसं आणण्याबद्दल एक सावधगिरी. आयबीएमच्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. नव्याला काम शिकवायला जुन्याचा वेळ जातो, आणि माणसागणिक आपसातल्या बोलण्याचे धागे वाढतात. पाच माणसांत जोड्या १०, दहांत ४५, विसांत १९०. हा नियम आपल्याकडे हल्ली सरसकट फेकला जातो, पण पंचनाम्याला तो फारसा लागत नाही, कारण या गटाच्या पंचनाम्याला त्या गटाच्या पंचनाम्याशी बोलावं लागत नाही. बाहेरचा तलाठी पहिले दोन दिवस कोतवालाचं बोट धरून निम्म्या वेगाने चालेल, तेवढंच नुकसान. तो पहिल्या आठवड्यात आला तर फायदा, शेवटच्या दोन दिवसांत आला तर नुसता चहा-नाश्त्याचा खर्च. हा नियम खरा लागतो तो नियंत्रण कक्षाला. तिथे प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला विचारावी लागते, आणि नेमकं तिथेच आपण माणसं कोंबतो. तीनशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ४४,८५० जोड्या असतात. कामाचा एक निरोप ‘शुभ सकाळ’खाली गाडला जातो यात नवल ते काय.

पंचनाम्यानंतर येते ई-केवायसीची, म्हणजे मदत जमा होण्याआधी आधारवरून ओळख पटवण्याची रांग. एका शेतकऱ्याला सरासरी ६ मिनिटं लागतात असं धरू, म्हणजे एका खिडकीची ताकद तासाला १०. सरासरी ८ जण येत असतील तर खिडकी ८० टक्के भरलेली, आणि सरासरी थांबणं २४ मिनिटं. ९ जण आले तर थांबणं ५४ मिनिटं. साडेनऊ आले तर ११४. येणारे ८ चे साडेनऊ झाले, वाट बघणं पावणेपाच पट झालं. कारण माणसं घड्याळ लावून येत नाहीत आणि प्रत्येकाचं काम नेमकं सहा मिनिटांत उरकत नाही. एकाचा अंगठा उमटत नाही, दुसऱ्याच्या वेळी नेट जातं. हे गणित नवं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ पासून ते मांडलं, किती तारा ठेवल्या म्हणजे किती फोन अडतील हे काढण्यासाठी. ‘कर्मचारी शंभर टक्के कामात पाहिजे’ हा आग्रह धरणाऱ्या साहेबाने हे एकदा तरी करून बघावं. शंभर टक्के भरलेल्या खिडकीसमोरची रांग संपतच नाही. पंधरा-वीस टक्के मोकळीक हा आळस धरू नये, रांग आटोक्यात ठेवण्याची ती किंमत आहे.

खिडक्या कशा मांडायच्या यानेही फरक पडतो, आणि इथे खर्च शून्य आहे. दोन खिडक्या, दोन गावांना वाटून दिलेल्या, दोन्हीकडे तासाला ९ जण: थांबणं ५४ मिनिटं. त्याच दोन खिडक्यांसमोर एकच रांग केली आणि जी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस पाठवला, तर थांबणं २६ मिनिटांच्या आत येतं. एका रांगेत कुणी नाही आणि शेजारच्या रांगेत बारा जण, हा प्रकार बंद होतो म्हणून. टेबलागणिक विषय वाटून दिलेल्या आपल्या कचेऱ्यांत ही वाटणी सर्वात महाग पडते: एक कारकून रजेवर गेला की त्याचा विषय पंधरा दिवस बंद, शेजारचा टेबलावर ताल धरून बसलेला. प्रत्येक विषय निदान दोघांना यायलाच हवा. सगळ्यांना सगळं यावं असा हट्ट नको, त्याने शिकवण्याचा खर्च वाढतो आणि फायदा फारसा वाढत नाही.

मात्र रांगेचं खरं दुखणं बहुधा खिडकीवर नसतंच. आधारवर नाव एक, सातबारावर दुसरं, बँकेत तिसरं. शंभरांतले वीस परत पाठवले आणि ते पुन्हा आले, त्यातले वीस टक्के पुन्हा परत गेले, तर खिडकीवरचं ओझं सव्वापट होतं. तासाला ८ जणांचे १० होतात, आणि १० ही तर खिडकीची पूर्ण ताकद. म्हणजे सुरळीत चाललेली रांग फक्त त्रुटींमुळे कोलमडते. इथे तिसरी खिडकी मागण्याआधी एक माणूस रांगेच्या तोंडाशी उभा करून कागद बघून घ्यायला लावावा. खेटा तरी वाचेल.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात हे सांगायची गरज पडत नाही. पाळीत कामाची ४२० मिनिटं आणि मागणी २१० नगांची, तर दर दोन मिनिटांना एक नग बाहेर पडला पाहिजे. एका नगाचं एकूण काम ११ मिनिटांचं, तर साडेपाच म्हणजे सहा माणसं. याला तिथे टॅक्ट टाइम म्हणतात आणि नवा सुपरवायझर पहिल्या महिन्यात शिकतो. हेच गणित तिथून तासाभरावरच्या हमीभाव खरेदी केंद्रावर पोचलेलं नाही. तिथल्या ट्रॉलीत २० क्विंटल सोयाबीन, म्हणजे ५० किलोची ४० पोती. ओलावा बघायला आणि चाळणी मारायला दहा मिनिटं. पोतं भरणं, वजन आणि शिलाई मिळून दीड मिनिट, म्हणजे एका काट्यावर एका ट्रॉलीला तास. आठ तासांत एका काट्यावर आठ ट्रॉल्या, १६० क्विंटल. ओलावा तपासणारा मात्र दिवसाला ४८ ट्रॉल्या बघू शकतो. रांग वाढली, ओरड झाली की पाठवला जातो दुसरा ग्रेडर, कारण शेतकऱ्याचं भांडण ओलाव्याच्या मीटरपाशी होतं आणि ते दिसतं. अडलेलं असतं काट्यापाशी. तिथे दुसरा काटा आणि हमालांची दुसरी टोळी लागते. आणि ज्या दिवशी बारदाना (रिकामी पोती) संपतो त्या दिवशी ग्रेडर चार असले काय आणि एक असला काय, खरेदी शून्य. केंद्र मंजूर करताना कर्मचाऱ्यांची संख्या लिहिली जाते. काटे, टोळ्या आणि ट्रॉल्यांच्या हिशेबाने रोजचा बारदाना हे आकडे तिच्या शेजारी लिहिलेले असावेत. सकाळीच शंभर जणांना एसएमएस पाठवण्यापेक्षा तासातासाने बोलावलं तरी दुपारपर्यंतची निम्मी रांग विरते.

टोळीचा आकारही मनाला येईल तसा वाढवून चालत नाही. रिंगेलमान हा फ्रेंच शेती-अभियंता. दोर ओढायला माणसं वाढवत गेलं की एकेकाचा जोर कमी होत जातो हे त्याने मोजलं, १९१३ मध्ये छापलं. आठ जणांत प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या ताकदीच्या जवळपास निम्म्यावर आलेला होता. थोडं अंगचोरीमुळे, थोडं सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी न लागल्यामुळे. आठ हमालांची एक टोळी करण्यापेक्षा चौघांच्या दोन टोळ्या आणि दोन काटे कधीही बरे.

सरकारकडे आकड्यांची मॉडेलं नाहीत असं नाही. साधारण हजार लोकसंख्येला एक आशा सेविका, सपाटीवर पाच हजारांना उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र. पण हे डोक्यांचे आकडे आहेत, कामाचे नाहीत, आणि डोकी २०११ च्या जनगणनेची. बीडच्या गावातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या निघतात तेव्हा हजारांच्या गावात किती माणसं उरतात, त्यात म्हातारी किती, आणि कारखान्यावर गेलेल्या गरोदर बाईची नोंद कुणाच्या रजिस्टरला, हे हजाराचं प्रमाण सांगू शकत नाही. आकृतिबंध नावाचा जो कागद मंत्रालयातून मंजूर होऊन येतो त्यात पदं असतात. वर्षातले कुठले महिने, रोज किती कामं, एका कामाला किती मिनिटं, हे त्यात शोधून सापडत नाही.

गणिताचा उलटा गैरवापरही तितकाच होतो. ग्रेकुनास यांचं १९३३ चं एक सूत्र आहे, साहेब आणि त्याच्या हाताखालची माणसं यांच्यात संभाव्य संबंध किती हे सांगणारं. पाच माणसांना १००, सहांना २२२, आठांना १०८०. सहा तलाठ्यांच्या मंडळ अधिकाऱ्याने हे वाचून राजीनामा द्यायला हवा. पण सूत्र शक्य असलेले सगळे संबंध मोजतं, रोज घडणारे नाही, त्यामुळे त्यावरून ‘पाचच माणसं हाताखाली हवीत’ असा निष्कर्ष काढणं हे आकड्यांचं सोंग झालं. मॉडेलात जे घातलं त्यापलीकडे ते काही सांगत नाही.

सर्वात मोठा आक्षेप कर्मचारी संघटनांचा असतो आणि तो खरा आहे: आज मिनिटं मोजाल, उद्या त्याच मिनिटांवर नोटीस काढाल. काढतीलही. म्हणून मोजायचं ते कामाला. माणसाला मोजायचं नाही. तक्त्यावर तलाठ्याचं नाव नको, ‘गटाची नोंद: इतकी मिनिटं, त्यातलं चालणं इतकं, नेटची वाट इतकी’ एवढंच हवं. रोज इतके पंचनामे असं लक्ष्य माणसामागे लावलं की दुसऱ्याच दिवशी चावडी भरते, वर पाहिलंच. दुसरा आक्षेप असा की रिक्त पदं न भरण्याला या हिशेबाने निमित्त मिळेल. उलट आहे. ‘आमच्यावर ताण आहे’ या निवेदनाला पोच मिळते आणि ते फाइलला लागतं. ‘सगळी फेरमांडणी करूनही २१ दिवस लागतात, मुदत दहाची आहे, म्हणून अमुक इतक्या जोड्या कमी पडतात’ हे फेटाळायला दुसरा हिशेब मांडावा लागतो.

यासाठी सल्लागार कंपनी नको, महागडी प्रणाली नको. एकेका कामाच्या तीस नोंदी घड्याळ लावून घ्याव्यात, त्यात सणासुदीचा किंवा पावसाचा दिवस येईल असं बघावं. कामाचा वेळ आणि थांबण्याचा वेळ वेगळा लिहावा, कारण ‘एका अर्जाला पंधरा दिवस’ यातलं प्रत्यक्ष काम कित्येकदा वीस मिनिटांचं निघतं. नुसती सरासरी काढून थांबू नये, दहांतलं सर्वात रेंगाळलेलं काम किती वेळ खातं तेही लिहावं, रांग त्यानेच फुगते. परत आलेले अर्ज वेगळे मोजावेत. आणि तपासणीसाठी जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा गुणाकार वापरावा: तुंबलेली कामं म्हणजे रोज येणारी कामं गुणिले लागणारे दिवस. रोज ६० अर्ज येतात आणि तेवढेच निघतात, शिल्लक १२०० आहेत, तर नव्या अर्जाला सरासरी वीस दिवस लागणारच. दारावरच्या फलकावर सात दिवस लिहिलं असेल तर तो फलक चुकला आहे, आणि हे अर्जदारालाही दारातच उभं राहून काढता येतं.

तहसीलमधला अव्वल कारकून, जुना एक्सेल आणि मे महिन्यातल्या दोन दुपारी, एवढ्यात तालुक्याचा तक्ता होतो: गावं, खातेदार, तिन्ही खात्यांची माणसं, समान वार, शेजारच्या कुठल्या तालुक्यातून किती जोड्या मागवायच्या, आणि कुठल्या गावांचा पहिला नंबर. मृग निघायच्या आत तो तिन्ही कचेऱ्यांच्या भिंतीवर लागला पाहिजे, कारण अतिवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भागाकार करायला कुणालाच सवड नसते.